लस टोचल्यावर दुसऱ्या दिवशी कोण येतं?

नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालेल्या तरुण मेडिकल ऑफिसरांनी प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: "माझ्या हद्दीतल्या एका पाड्यावर तीन घरं बाळांना लस देत नाहीत. २०२१ मध्ये कोविडच्या लसीची टीम गेली तेव्हा हाच पाडा रानात पळाला होता, असं जुने कर्मचारी सांगतात. उद्या निपाहसारखा नवा आजार आला आणि त्यावर लस निघाली, तर ही माणसं ती घेतील का? यांचं अज्ञान आणि अंधश्रद्धा कशी घालवायची?"

डॉक्टर, अज्ञानाचा भाग आधी बाजूला ठेवा. मी तीस वर्षं याच जिल्ह्यात सरकारी डॉक्टर म्हणून नोकरी केली. सुरुवात सुरगाण्यात, मग पेठ, शेवटची काही वर्षं मालेगाव. लस नको म्हणणारी शेकडो घरं पाहिली. निव्वळ अज्ञानापोटी नको म्हणणारं घर त्यांत क्वचितच भेटलं. बहुतेक घरांकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते ऐकायला आपल्यापैकी कोणी बसलेलं नव्हतं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. पाऊस सरला होता, अंगणात नागली वाळत घातलेली. दाराशी एक तरुण बाप बसलेला, मांडीवर सात-आठ महिन्यांचं पोर. त्याला त्रिगुणीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या एकत्र लसीचा, दुसरा डोस द्यायचा होता. बाप उठला नाही, ओरडलाही नाही. पोराची मांडी त्यानं आमच्याकडे वळवली. पहिल्या डोसाच्या जागी गळू होऊन फुटलेलं, त्याचा जांभळट वण. मग म्हणाला, "तुम्ही टोचून गेल्या. रात आम्ही काढली."

चौकशी केली तेव्हा सगळं कळलं. आमची जीप सकाळी अकराला आली होती आणि एकला निघून गेली होती. तिन्हीसांजेला पोर तापलं. त्रिगुणीनंतर ताप येतो हे आम्हाला पाठ होतं, पण त्या घरात कोणी सांगितलेलंच नव्हतं. तापाचं औषध त्या महिन्यात आमच्याकडे संपलेलं. मांडी कडक झाली म्हणून आजीनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं आणि चोळलं. पोर रात्रभर किंचाळत होतं. मध्यरात्री बापानं भगताला उठवून आणलं. भगतानं काय मंत्र घातला ते सोडा, पण तो पहाटेपर्यंत त्या बापाशेजारी बसून होता. आम्ही पुढच्या महिन्यात उगवलो, दुसरा डोस घेऊन.

आता मला सांगा, अशा घरानं विश्वास कोणावर ठेवायचा?

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली आणि निवृत्तीपर्यंत सोडली नाही. सत्र झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी त्या त्या घरी जायचंच. तेव्हा आशाताई नव्हत्या, म्हणून अंगणवाडी सेविका जायची. लांबच्या पाड्यावर सिस्टर मुक्कामी राहायच्या. काम पाच मिनिटांचं असायचं. पोराच्या कपाळाला हात लावायचा, मांडी बघायची, गार पाण्याची पट्टी ठेवायला सांगायची, शेकू नका, चोळू नका म्हणायचं आणि निघायचं. सहा महिन्यांनी त्याच बापानं पोराचा राहिलेला डोस मागून घेतला. माझ्या सगळ्या नोकरीत लसीकरण वाढवायला याहून जास्त उपयोगी पडलेलं काही मला आठवत नाही. पोस्टर नाही, पथनाट्य नाही, लाउडस्पीकर तर नाहीच.

याच्या जोडीला एक वाक्य कायमचं टाकून द्या: "काही होत नाही." आपण हे प्रेमानं म्हणतो, पण ते खोटं असतं आणि संध्याकाळपर्यंत खोटं ठरतं. त्याऐवजी घडणार ते सांगा. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, टोचल्यावर पुष्कळ बाळांना त्या रात्री ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. मांडीला गाठ येते, ती हात न लावता जिरते. बीसीजीची, म्हणजे क्षयावरच्या लसीची, जागा काही आठवड्यांनी फुगते, पिकल्यासारखी होते, खपली धरते आणि तिथे वण राहतो, त्यावर काही लावायचं नाही. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठ-दहा दिवसांनी काही मुलांना हलका ताप आणि अंगावर थोडं पुरळ येतं. आधी सांगितलेला ताप आई निभावून नेते. न सांगता आलेल्या तापाला ती आपली फसवणूक समजते, आणि तिचं काही चुकत नाही. सिस्टरांना शिकवलेले चार निरोप तुम्हालाही ठाऊक आहेत: कोणती लस दिली, तिनं काय होऊ शकतं, पुढच्या वेळी कधी यायचं, कार्ड जपून ठेवा. शिवाय अर्धा तास थांबवून ठेवायचं. कागदावर हे सगळीकडे आहे. प्रत्यक्षात दुसरा निरोपच घाईत गळतो, कारण तो दिला तर आई घाबरून उठून जाईल अशी आपल्यालाच भीती असते. मी दोन्ही करून पाहिलं आहे. सांगितल्यावर आया उठून जात नाहीत.

आता तुमची तीन घरं. ती खरोखर नाकारतात की सापडत नाहीत, हे आधी बघा. पोलिओच्या मोहिमेत दारावर खडूनं खूण करायचो. सगळी मुलं झाली तर 'पी', राहिली तर 'एक्स'. पुढे एक्सचेही पोटभाग पाडले: घराला कुलूप, मूल बाहेरगावी, मूल आजारी आणि सरळ नकार. तेव्हा कळलं की ज्याला आपण सरसकट विरोध म्हणत होतो त्यात नकार थोडाच होता. याच्या उलटही मी पाहिलंय. "पोर मामाकडे गेलंय" म्हणणाऱ्या घरात पोर आतल्या खोलीत झोपलेलं असतं. म्हणून नुसत्या रजिस्टरवर विसंबू नका.

पेठ-सुरगाण्यात गैरहजर मुलांचं खरं कारण बहुतेकदा द्राक्षात असतं. दिवाळीच्या आगेमागे घरंच्या घरं दिंडोरी-निफाडकडे उतरतात. छाटणी, डिपिंग, थिनिंग, मग जानेवारीपासून खुडा. पोरं बरोबर जातात आणि बागेच्या कडेला ताडपत्रीच्या पालात राहतात. म्हणजे उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाचा नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा डोस आईबाप जागेवर नसतानाच येतो. आपली ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी, पाड्यावर आणि बाळ पिंपळगावच्या बागेत. पुढच्या महिन्यातही तेच, आणि मार्चमध्ये अहवालात त्या घरापुढे 'प्रतिसाद नाही' असा शेरा. बागेतल्या आईला विचारा, कार्ड कुठाय? घरी आढ्याला पिशवीत बांधून ठेवलंय म्हणेल. कार्ड जपलंय तिनं! आपणच सांगितलं होतं ना, जपून ठेवा म्हणून. अशा घरासाठी समुपदेशन लागत नाही. निघण्याआधी कार्डाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये काढून द्या, कोणत्या गावच्या बागेत जाणार ते विचारून घ्या आणि तिथल्या आशाताईंना फोन करा. तिथलं सत्र संध्याकाळी ठेवायला लावा, कारण रोजंदारी बुडवून दुपारी कोणी येणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात एक ते दोन वर्षांच्या बाळांपैकी सुमारे ५६ टक्क्यांचं लसीकरण पूर्ण होतं. २०१९-२१ मध्ये ते ७३ टक्क्यांच्या वर गेलं. मोठी मजल आहे. पण गोवराला एवढ्यानं भागत नाही. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. म्हणून तिथे दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळावे लागतात. उरलेली मुलं सगळीकडे सारखी विखुरलेली असती तर फार बिघडलं नसतं. ती एकाच मोहल्ल्यात, एकाच पाड्यावर गोळा झालेली असतात. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीत गोवर उसळला आणि भिवंडी, मालेगावलाही त्यानं गाठलं, तो असाच.

मालेगावातली एक दुपार विसरत नाही. यंत्रमागांचा खडखडाट इतका की दारात उभं राहून बोललेलं आत ऐकू जात नाही. एक बाई पदराआडून म्हणाली, "डॉक्टरसाब, गटर के लिए पाँच साल से बोल रहे, कोई नहीं आया. सुई के लिए आठ दिन में तीन बार आ गए." हा नकार नव्हता. तिचं गणित सरळ होतं: ज्यांना माझ्या दारातल्या घाणीचं काही वाटत नाही, त्यांना माझ्या पोराच्या दंडाची एवढी घाई का? मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. तिच्या पोराच्या जुलाबासाठी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, गटाराचा अर्ज तिच्या नावानं लिहिला आणि आमच्या पत्रासोबत पुढे पाठवला. लस तिनं त्या दिवशी घेतली नाही, पंधरा दिवसांनी घेतली. गटार झालं तेव्हा मी तिथे नव्हते.

उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पोलिओचं घोडं याच चिखलात अडलं होतं. तिथली मुलं दहा-दहा वेळा थेंब घेऊनही लुळी पडत. लोक विचारत, "अजून किती वेळा? यात काहीतरी भानगड आहे." नपुंसक करण्याचा डाव आहे ही अफवा तिथेच फोफावली. लोकांच्या प्रश्नात तथ्य होतं. घाण पाणी आणि सततचे जुलाब यांमुळे तोंडावाटे दिलेली लस तिथल्या आतड्यात नीट रुजत नव्हती. मग दोन गोष्टी घडल्या. अलीगढ आणि जामिया मिलिया विद्यापीठांतली माणसं, मशिदींचे इमाम, मोहल्ल्यातल्या बाया यांना कामात घेतलं. आणि दोन्ही राज्यांतले १०७ तालुके निवडून पोलिओच्या थेंबांबरोबर संडास, पाणी, ओआरएस, झिंक यांचं काम सुरू केलं. २०१० मध्ये दोन प्रकारच्या विषाणूंवर चालणारी सुधारित लसही आली. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्याची मुलगी हा देशातला शेवटचा रुग्ण ठरला. नुसता प्रचार वाढवून हे झालं नसतं.

नव्या आजारांकडे येण्याआधी थोडं जुनं सांगावं लागेल, कारण आपल्या भागाला नव्या साथीचा आणि नव्या लसीचा अनुभव सव्वाशे वर्षांचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी काही महिन्यांत भायखळ्याला लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत घुसले, माजघरातून माणसं ओढून नेली, आणि जूनमध्ये प्लेगचा बंदोबस्त बघणारा गोरा अधिकारी रँड याचा खून झाला. सरकारी दवाखाना म्हणजे माणूस परत न येण्याची जागा, ही समजूत तेव्हाची आहे. मुंबईत मात्र इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगा खान यांनी चारचौघांसमोर स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या अनुयायांनी ते बघितलं आणि रांगा लागल्या. रोग तोच, लस तीच. फरक एवढाच की लोकांसमोर उभं कोण होतं. इकडे आपल्या भगूरमध्ये १८९९ च्या प्लेगात सावरकरांचे वडील गेले. नाशिकच्या जुन्या घरांत अजूनही प्लेगात गाव सोडून झोपड्यांत राहायला गेल्याच्या आठवणी निघतात.

हाफकिन यांची दुसरी गोष्ट तुम्ही प्रत्येक सिस्टरला सांगा. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वातानं मेले. ठपका हाफकिनवर आला. ते दोषमुक्त झाले १९०७ मध्ये, कारण बाटली प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाल्याचं मान्य झालं. पाच वर्षं एका बाटलीपायी गेली. आज आपण गोवर-रुबेलाची बाटली विरघळवल्यावर तिच्यावर वेळ लिहितो आणि चार तासांनी ती फेकून देतो. दुपारी अडीचला एखादं बाळ आलं आणि बाटलीत दोन डोस शिल्लक दिसले की मोह होतो. तो टाळा, नवी बाटली फोडा. वाया गेलेल्या लसीचा हिशेब देता येतो. तुमच्या पाड्यावर एक मूल दगावलं तर दहा वर्षं तिथे कोणी दंड पुढे करणार नाही.

इतर गरीब देशांतही नकाराच्या मागे बहुतेकदा असा एखादा खरा प्रसंग सापडतो. २००३ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो राज्यानं पोलिओची लस बंद केली. जगभर त्यांना अडाणी ठरवलं गेलं. पण त्याच कानोमध्ये १९९६ च्या मेंदुज्वराच्या साथीत एका बड्या परदेशी औषध कंपनीनं आजारी मुलांवर नव्या औषधाची चाचणी केली होती. काही मुलं मेली आणि पालकांची संमती घेतली नव्हती, असा आरोप घेऊन ते कोर्टात गेले होते. ज्यांच्या गावात हे झालं त्यांनी पुढची बाटली संशयानं बघितली. लस जवळजवळ वर्षभर बंद राहिली. शेवटी इंडोनेशियात बनलेली लस त्यांनी स्वीकारली. तोवर विषाणू कितीतरी देशांत पसरला होता, आणि २००५ मध्ये तो दहा वर्षं पोलिओमुक्त असलेल्या त्याच इंडोनेशियात पोचला. पाकिस्तानात २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढायला अमेरिकी गुप्तहेरांनी हेपॅटायटिसच्या लसीकरणाचं सोंग केलं. त्यानंतर तिथे खऱ्या लसीकरण करणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या. हे वाचताना मला नेहमी आपल्या आशाताई डोळ्यांसमोर येतात.

फिलिपीन्सचा धडा तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा आहे, कारण तिथे आजार जुना असला तरी लस नवी होती. २०१६ मध्ये डेंग्यूची नवी लस डेंगव्हॅक्सिया शाळांतून आठ लाखांहून जास्त मुलांना दिली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये उत्पादक कंपनीनंच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना ही लस घेतल्यावर पुढे डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. मोहीम थांबली, आयाबाप रस्त्यावर आले, आणि संताप एका लसीपुरता राहिला नाही. गोवराची लस घेणंही कमी झालं आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. नव्या लसीबाबत 'आत्ता एवढं कळलं आहे, एवढं अजून बघायचं आहे' हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तर त्याची किंमत जुन्या, तावून सुलाखून निघालेल्या लसी मोजतात.

आपल्याकडेही असं झालंय. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्यात पुष्कळ मुली आदिवासी होत्या. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये तो थांबवला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत निघालं नाही. निघालं ते असं की अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीवर सह्या केल्या होत्या. तुमच्या हद्दीत आश्रमशाळा आहेत. तिथे कधीही लस द्यायची झाली तर आईबापांपर्यंत स्वतः जा. वॉर्डनची सही सोयीची असते, ती घेऊ नका.

आता २०२१. पाडा पळाला असं तुम्ही लिहिता. त्या पाड्यानं आधीच्या वर्षात काय पाहिलं होतं ते आठवा. खोकला लागलेला माणूस गाडीत घालून नेला. घरच्यांना भेटू दिलं नाही. आला तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, किंवा आलाच नाही. मग त्याच गाडीतून, तसेच पांढरे झगे घालून, काही लोक सुई घेऊन आले. मे महिन्यात तर आणखी एक प्रकार झाला. १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी मोबाइलवर नोंदणी सक्तीची होती. आमच्या एका केंद्रावर पाड्यावर रेंज नाही म्हणून गावचं कोणी नोंदलंच गेलं नाही, आणि दीडशे डोस शहरातून गाड्या करून आलेली मंडळी घेऊन गेली. गावची माणसं कंपाउंडबाहेर उभी राहून बघत होती. पुढे लस भरपूर आली, नोंदणीचीही अट गेली, आणि त्याच लोकांना आपण म्हणायला लागलो, घ्या, घ्या, का घेत नाही? काही ठिकाणी रेशन बंद करण्याची भाषा झाली. तसं कधीही करू नका. धाकानं पहिला डोस मिळतो. दुसऱ्याच्या वेळी घराला कुलूप असतं, आणि त्यानंतर त्या घरचं बाळंतपणही तुमच्याकडे येत नाही.

निपाहचं विचारलंत. वटवाघळांतून माणसात येणाऱ्या या विषाणूवर आज मान्यता मिळालेली लस नाही. नवे आजार पुष्कळसे प्राण्यांतून येतात आणि सुरुवातीला लस हाताशी नसतेच. आपल्या आसपासच बघा. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावात सापडला. तो सँड फ्लाय नावाच्या बारीक चावऱ्या माशीतून पसरतो आणि लहान मुलांचा मेंदू सुजवतो. साठ वर्षं झाली, त्यावर लस नाही. गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाला होती, पण वारंवार घ्यावी लागायची, संरक्षण अपुरं पडायचं, शेवटी बंद झाली. २०१६ मध्ये हा ताप सिंधुदुर्गात भडकला. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्या जवळच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला मिळाल्या आहेत.

म्हणजे लस येईपर्यंत सगळं एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: पाड्यावर काही वेगळं घडलं तर ते तुमच्यापर्यंत पोचतं का, आणि किती दिवसांत. केरळात २०१८ मध्ये निपाह लवकर ओळखला गेला, कारण एकाच घरातला दुसरा रुग्ण बघून डॉक्टरांना शंका आली. तुमच्याकडे एकाच घरात दोन मुलांना ताप आणि झटके आले तर पहिलं कोणाला कळेल? भगताला. त्याला दुखावू नका, अंधश्रद्धेवर त्याच्या अंगणात भाषण देऊ नका. त्याच्याकडे तुमचा नंबर असू द्या, आणि त्यानं पाठवलेल्या रुग्णाला आधी बघा. कोंबड्यांचंही तसंच. ज्याच्या कोंबड्या आपण मारल्या त्याला भरपाई वेळेवर मिळाली का, यावर पुढच्या वेळी तो मेलेली कोंबडी दाखवतो की गुपचूप पुरतो हे ठरतं. पश्चिम आफ्रिकेत २०१४ च्या इबोलात लोक प्रेतं लपवत होते, कारण धुऊन, प्रार्थना करून निरोप देण्याची मुभाच नव्हती. घरच्यांना दुरून का होईना उभं राहू दिलं, त्यांच्या पद्धतीनं प्रार्थना होऊ दिली, तेव्हा प्रेतं पुढे येऊ लागली. २०१५ मध्ये गिनीत इबोलाची लस रुग्णाच्या संपर्कातल्या माणसांना आणि त्यांच्याही संपर्कातल्यांना देऊन तपासली. घराघरातून संपर्काची नावं मिळाल्याशिवाय अशी लस देताच येत नाही.

शहरातल्या शिकलेल्यांबद्दल थोडंच सांगते. नाशिकच्या कॉलेज रोडच्या क्लिनिकमध्येही आता "इतक्या लसी हव्यातच का?" असं विचारतात. गोवराच्या लसीनं ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा लेख २०१० मध्ये नियतकालिकानं मागे घेतला, हे त्यांना सांगा आणि प्रश्न संपेपर्यंत उत्तरं द्या. त्यांना वेळ देता येतो. तोच वेळ पाड्यावरच्या आईला आपण देत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि सिंहस्थ तोंडावर आलाय. कोट्यवधी माणसं नाशिक-त्र्यंबकला येतील, तुमच्या भागातून हजारो माणसं कामाला जातील. त्याआधी नऊ महिन्यांपुढच्या प्रत्येक मुलाचा गोवर-रुबेला बघून घ्या आणि ग्रामपंचायतीची पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट स्वतः तपासा.

आता त्या तीन घरांकडे कधी जायचं ते सांगते. सत्राच्या दिवशी नको. आठवडी बाजाराचाही दिवस टाळा, बाप घरी नसेल. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळेला जा. व्हॅक्सीन कॅरिअर नेऊ नका. तो निळा डबा दिसला की बोलणं सुरू व्हायच्या आधीच संपतं. आशाताईंना बरोबर घ्या, पण बोलणं तुम्ही करा आणि आजीपासून सुरू करा. आधी कधी लस दिली होती का, त्या रात्री काय झालं होतं, एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. मला वाटतं, तिघांपैकी एका घरी तरी तापाची किंवा गळवाची गोष्ट निघेल. निघाली तर माफी मागा, तुम्ही तेव्हा तिथे नव्हता तरी. खिशात पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि तुमचा नंबर लिहिलेला कागद ठेवा, दोन्ही देऊन या. लसीचं त्या दिवशी काढू नका. आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा, आणि काय ऐकलंत ते मला कळवा.